पुण्यातल्या हॉटेलांना थेट भाजी द्यायची आहे, व्यवहार कसा ठरवावा?

सासवडकर
आमचं सासवडजवळ साडेतीन एकर रान. निम्म्यात भेंडी, मेथी, पावसाळ्यात वाटाणा. घरचे चौघं राबतो. माल पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात जातो. भाडं, हमाली, तोलाई वजा होऊन आडत्याच्या हिशेबाची पट्टी हातात आली की कधी तोडणीची मजुरीही सुटत नाही. आता पुण्यातल्या दोन छोट्या हॉटेलांनी थेट माल मागितलाय. मागं एका हॉटेलात आमची सात आठवड्यांची उधारी बुडाली, म्हणून मिस्टर तयार नाहीत. दर कसा बांधावा? परवाना लागतो का?

खानावळवाली
ताई, मी घेणाऱ्या बाजूनं सांगते. चार वर्षं भोरच्या एका कुटुंबाकडून भाजी घेते. दर सोमवारी यार्डाचा भाव बघतो, पण त्याला खालची-वरची हद्द घातलीय. भेंडी 30 रुपयांच्या खाली मी मागत नाही, 60च्या वर ते लावत नाहीत. टोमॅटोचंही तसंच. जुलै 2023 मध्ये बाजारात टोमॅटो शंभरीपार गेला, तरी त्यांनी ठरल्या दरानं दिला. पुढं भाव कोसळला तेव्हा मीही शब्द पाळला. पैसे दर शनिवारी. एक शनिवार चुकला की माल बंद, हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या. नंतर जीभ रेटत नाही.

जुन्नरकर
2016 पासून फळं-भाजीपाला नियमनमुक्त आहे, बाजार समितीच्या आवाराबाहेर थेट विकता येतो. स्वतःच्या रानातल्या कच्च्या मालाला अन्न परवाना लागत नाही. लोणचं, मसाला द्यायला लागलात तर मात्र नोंदणी करा.

आणि हॉटेलची सुट्टी कधी ते आधी विचारा! भेंडीचा तोडा दिवसाआड असतो, तो थांबत नाही. आम्ही विचारलं नव्हतं, पहिल्या हंगामात कितीतरी भेंडी झाडावरच जून झाली. सगळा माल हॉटेलला बांधू नका, आडत्याकडं थोडा जात राहू द्या.

खान्देशी
आमच्या जळगावकडं भरीत करणारे वांगं स्वतः पारखून घेतात, मग ते कपाशीच्या काड्यांवर भाजतात. वांग्यात बी जास्त निघालं तर भरीत बिघडतं, हे त्यांना पक्कं ठाऊक. तुम्हीही लागवडीआधी आचाऱ्याला रानात आणा. तुमचा वाटाणा पावसाळ्यात निघतो, तेव्हा त्यांनी उसळ ठेवावी. रानात नाही ते मागत बसले, तर तुम्ही बाजारातून आणून द्याल आणि मग थेट व्यवहाराला अर्थ काय राहिला?

सासवडकर
मिस्टरांना सगळं वाचून दाखवलं. शनिवारच्या पैशांवर ते राजी आहेत. एक हॉटेल मंगळवारी बंद असतं, त्या दिवशीचा तोडा दुसरं घेईल का ते उद्या विचारते. मेथी आदल्या संध्याकाळी धुऊन ठेवली तर चालेल का?

खानावळवाली
धुऊ नका ताई. ओली जुडी आतून तापते, सकाळी सोडली की मधली पानं पिवळी. मातीसकट आणा, धुवायचं आम्ही बघतो.