विषय: भाच्याचं आयेल्ट्सचं रायटिंग ६ वरच अडकलंय, काहीतरी सांगा

नमस्कार मंडळी,

भाचा साताऱ्यात असतो, शाहूपुरीत, मास्टर्ससाठी इकडं परदेशात यायचंय, म्हणून आयेल्ट्स ही इंग्लिशची परीक्षा दिली. लिसनिंग ७.५, रीडिंग ७, स्पीकिंग ६.५ आणि रायटिंग ६, आणि त्याच्या युनिव्हर्सिटीला कुठल्याच सेक्शनला ६.५ च्या खाली चालत नाही. पोरगं हुशार आहे हो, क्लासवाल्यांनी निबंधांची झेरॉक्स फाईल दिलीय ती रोज पाठ करतोय पण बँड (म्हणजे सेक्शनचे मार्क) काही हलेना. बहीण म्हणते दहावीपर्यंत मराठी मीडियम होता म्हणूनच असं झालं. कुणाला यातलं नीट माहिती असेल तर प्लीज लिहा.

– साताऱ्याची ताई

---

रि: भाच्याचं आयेल्ट्सचं रायटिंग

ताई नमस्कार,

मी परत आल्यापासनं सांगलीतच असतो, विश्रामबागला, आणि आसपासची पोरं रायटिंग तपासून घ्यायला येतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. पहिलं म्हणजे मराठी मीडियमवर खापर फोडू नका आणि बहिणीलाही फोडू देऊ नका. मार्क चार गोष्टींना असतात आणि चारींना सारखेच: विचारलं त्याचंच उत्तर दिलंय का, मांडणी सलग आहे का, शब्द कसे वापरलेत आणि व्याकरण. म्हणजे निम्मे मार्क सरळ विचार करण्याचे झाले, आणि तो विचार मराठीत करून पोरानं साध्या इंग्लिशमध्ये उतरवला तरी चालतं.

ती फाईल मात्र आजच बंद करायला सांगा. पाठ केलेलं एक्झामिनरला ओळखू येतं आणि त्यानं बँड खालीच जातो. प्रश्नातली वाक्यं जशीच्या तशी उचलली तर ते शब्द मोजणीतही धरत नाहीत. आणि फाईलचा खरा तोटा वेगळाच आहे बघा. परवा एका पोरीला विषय दिला, गावातली तरुण पोरं शहरात जातात याचे फायदे तोट्यांपेक्षा जास्त आहेत का. तिनं तीन फायदे लिहिले, तीन तोटे लिहिले, शेवटी दोन्ही बाजू महत्त्वाच्या आहेत म्हणून मोकळी झाली. इंग्लिश चांगलं होतं, स्पेलिंग एक चुकलं नव्हतं, पण जास्त काय आहे ते कुठंच नाही! फाईलीतल्या साच्यात ती जागाच नव्हती. मग मी तिला मराठीतच विचारलं, तुझं मत काय, तर पटकन म्हणाली, जास्त तोटेच, शेती बघायला कुणी राहत नाही. म्हणलं हेच पहिल्या परिच्छेदात लिही आणि पुढं त्याचीच कारणं दे.

टास्क वनला, म्हणजे रायटिंगच्या पहिल्या प्रश्नाला, आपल्याकडच्या पोरांची एक वेगळीच अडचण होते. ॲकॅडमिकला, म्हणजे युनिव्हर्सिटीसाठीच्या परीक्षेला, तिथं ग्राफ, तक्ता, नकाशा, प्रोसेस असलं काहीतरी येतं, आणि दिसतंय तेवढंच लिहायचं असतं, कारणं नाहीत, मत नाही. मी सरावाला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पाणीपातळीचा ग्राफ काढून देतो, ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलेलं. सांगलीचं पोरगं लगेच कोयनेचा विसर्ग आणि अलमट्टी लिहायला लागतं, कारण घरात पाणी बघितलेलं असतं, राग असतो, तो मी समजू शकतो. पण ग्राफमध्ये अलमट्टी नाही, तर उत्तरातही नको. सगळ्यात मोठी चढउतार कुठली ते आधी एकदोन वाक्यात सांगायचं, मग आकडे. ते एकंदर चित्राचं वाक्य नसेल तर पुढं कितीही बारीक आकडे दिले तरी मार्क अडकतातच.

वेळ एक तासच असतो, टास्क वन १५० शब्द, टास्क टू म्हणजे निबंध २५०, आणि टूला वजन दुप्पट. त्यामुळं वनला २० मिनिटांच्या वर एक मिनिट द्यायचं नाही, आणि टूच्या ४० मधली पहिली पाच मिनिटं पेन न उचलता नुसता विचार.

– सांगलीचा काका

---

रि: रि: भाच्याचं आयेल्ट्सचं रायटिंग

काकांचं सगळं पटलं, फक्त एक ॲड करते. ताई, बाकीचे तीन सेक्शन ठीक आहेत तर अख्खी परीक्षा परत द्यायची गरज नसेलही. कॉम्प्युटरवर दिली असेल तर वन स्किल रीटेक म्हणून असतं, ६० दिवसांच्या आत एकच सेक्शन परत देता येतो. पण सगळ्या युनिव्हर्सिटी ते घेत नाहीत, तेव्हा पैसे भरायच्या आधी ॲडमिशन ऑफिसला मेल करून लेखी विचारा. रीचेकिंगलाही टाकता येतं, बँड वाढला तर फी परत मिळते.

– कराडची, सध्या इथंच

---

रि: रि: रि: भाच्याचं आयेल्ट्सचं रायटिंग

दोघांचे खूप आभार! कॉम्प्युटरवरच दिलीय, युनिव्हर्सिटीला आजच मेल टाकते. काका, त्याचे दोन निबंध पाठवले तर बघाल का?

– ताई

---

पाठवा की. फक्त घड्याळ लावून लिहिलेले पाठवा, आणि कुणाकडनंही दुरुस्त करून घेऊ नका.

– काका