मदत हवी आहे: पोलिओचं इंजेक्शन नुसतं कातडीत दिलं, डोस वाया गेला का?

मालवण तालुक्यात राहतो. मुलगी १४ आठवड्यांची झाली, बुधवारी उपकेंद्रात लसीकरण झालं. डाव्या मांडीत पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस), उजव्या मांडीत न्यूमोकोकल, तोंडात पोलिओ आणि रोटाचे थेंब, आणि उजव्या दंडात परत पोलिओचंच इंजेक्शन. हे शेवटचं बघून आई बिथरली. सुई जेमतेम कातडीत, औषध ०.१ मिली, आणि लगेच मसुराएवढा पांढरट फुगवटा. "ह्यां कसलां इंजेक्शन? औषद वरच रवलां!" आता कुडाळला खाजगीत ०.५ मिलीचा पूर्ण डोस देऊन आणूया म्हणून मागे लागलीय. सिस्टर म्हणाल्या बरोबर दिलंय, पण रांग मोठी होती, जास्त विचारता आलं नाही.

पाचवा हिस्सा औषध पुरतं कसं? आणि पुरत असेल तर पेंटाही कातडीतच का देत नाहीत? मांडी सुजून पोर रात्रभर रडली. थेंब दिल्यावर इंजेक्शन कशाला, हेही आईला पटवायचंय.

प्रतिसाद:
फुगवटा आला म्हणजे लस नेमकी हवी तिथेच पडली. जन्मल्यावर देतात त्या बीसीजीलाही (क्षयाची लस) असाच येतो, आईंनी पाहिला असेल. कातडीत डेन्ड्रायटिक पेशींचं दाट जाळं असतं. त्या अँटिजेन (लसीतला, शरीर ज्याला ओळखतं तो भाग) उचलून काखेतल्या लसिका ग्रंथींत नेतात आणि टी पेशींना (प्रतिकारशक्तीच्या पेशी) दाखवतात. स्नायूत अशा पेशी कमी, म्हणून तिथे डोस मोठा लागतो. ०.१ मिलीचे दोन डोस ०.५ मिलीच्या एका डोसपेक्षा जास्त बाळांत अँटिबॉडी तयार करतात, हे चाचण्यांत दिसलंय. तिसरा नवव्या महिन्यात असतो, तो मात्र चुकवू नका.

पेंटात ॲल्युमिनियमचा क्षार असतो. अँटिजेन त्याला चिकटून राहतात, त्या जागी थोडा दाह होतो आणि प्रतिकारपेशी तिकडे धावतात. मांडीची सूज थोडीफार त्यातलीच. तोच क्षार कातडीत गेला तर गाठ धरते, कधी चिघळतेही. म्हणून पेंटा खोल स्नायूतच.

थेंबांतला विषाणू जिवंत पण दुबळा असतो, तो आतड्यात वाढून तिथेच आयजीए (आतड्याच्या अस्तरावर काम करणाऱ्या) अँटिबॉडी तयार करवतो. इंजेक्शनमधला मेलेला, तो रक्तात अँटिबॉडी देऊन लकव्यापासून वाचवतो, पण आतड्यात त्याचा जोर कमी. दोन्ही हवेत.

एवढ्यासाठी कुडाळची फेरी नको. कार्डावर एफआयपीव्ही-२ (कातडीतल्या पोलिओ इंजेक्शनचा दुसरा डोस) पुढे तारीख पडलीय ना, ते बघा. ताप आला असेल आणि अजून उतरला नसेल तर मात्र बाळाला दाखवून घ्या.