आबांचे स्नायू झडतायत, हळदीच्या कॅप्सूल देऊ का?

आचऱ्याची लेक
आबा ६८ वर्षांचे. अन्ननलिकेचा कॅन्सर, केमोची तिसरी सायकल गेल्या आठवड्यात झाली. आषाढात ६१ किलो होते, आता ५४. आयुष्यभर रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढलेला माणूस, आज न्हाणीघरात बसले की उठवायला दोघं लागतात. हातातलं घड्याळ पार कोपरापर्यंत सरकतं. ताट पुढे केलं की "माका नको" म्हणून तोंड फिरवतात. दिवसभरात जातात त्या दोन वाट्या पेज. शेजारच्या काकांनी हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल आणून दिल्यात, मिरीचा अर्क घातलेल्या, आणि गुळवेलीचा काढाही सांगितलाय. हळदीतलं कर्क्युमिन स्नायू वाचवतं असं मीही वाचलं. कोणी दिलंय का घरात?

वेंगुर्ल्याहून
माझ्या मावशीला केमोत कोकमाचं सार तेवढं गोड लागायचं. कोकमातलं गार्सिनॉल सूज कमी करतं म्हणतात. नैसर्गिकच आहे, देऊन बघा.

दापोलीचा औषधवाला
ताई, २६ वर्षं औषधाचं दुकान चालवलं आणि बायकोचं आजारपण याच घरात काढलं, म्हणून सविस्तर लिहितो.

आबांना होतंय त्याला डॉक्टर कॅशेक्सिया म्हणतात. सहा महिन्यांत वजन ५ टक्क्यांहून जास्त घटलं की ते धरलं जातं. आबांचं ११ टक्क्यांच्या वर गेलंय. ही नुसती उपासमार नाही. गाठीमुळे अंगभर दाह चालू राहतो, आणि त्यातली टीएनएफ, आयएल-६ ही द्रव्यं भूक मारतात, वर स्नायूंतली प्रथिनं तोडायला लावतात. म्हणून ताट भरून वाढलं तरी दंड भरत नाही.

हळदीचं नाव इथूनच येतं. कर्क्युमिन या दाहाचा एनएफ-कप्पा-बी नावाचा खटका बंद ठेवतं, आणि उंदरांमध्ये त्याने स्नायूंची झीज कमी झालेली दिसली आहे. तुळशीत आणि सफरचंदाच्या सालीत असणारं उर्सोलिक आम्ल, हिरव्या टोमॅटोतलं टोमॅटिडीन, यांचीही गोष्ट उंदरांचीच. कॅन्सरच्या माणसाचे स्नायू वनस्पतीच्या अर्काने टिकतात हे अजून सिद्ध झालेलं नाही. गार्सिनॉलचंही तेच. सार मात्र जरूर द्या, तोंडाला चव येते. घशात जळजळलं तर थांबवा.

आता त्या मिरीबद्दल. हळद पोटातून रक्तात फारशी जातच नाही. १९९८ साली बंगळुरूच्या अभ्यासात मिरीतल्या पिपरिनमुळे माणसांत तिचं शोषण २००० टक्के वाढलेलं दिसलं. तेव्हापासून अशा कॅप्सूलमध्ये मिरी आली. पण औषधं मोडणाऱ्या यकृतातल्या एन्झाइमांनाही पिपरिन अडवतं, आणि केमोची बरीच औषधं त्याच वाटेने बाहेर पडतात. अशा कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, गुळवेलीच्याही आहेत. मी स्वतः बायकोला दिल्या होत्या, डॉक्टरांना न सांगता. सहाव्या आठवड्यात यकृताचे आकडे चढले आणि केमो पंधरा दिवस पुढे गेली. औषधाच्या धंद्यातल्या माणसाने हे केलं याचं मला आजही वाईट वाटतं. आमटीतली हळद राहू दे. कॅप्सूल आणि काढा आज बंद करा, डब्या घेऊनच डॉक्टरांकडे जा.

आणि पेज. पेजेने पोट भरतं पण तिच्यात प्रथिनं नावालाच. आबांच्या वजनाला रोज ६५ ते ८० ग्रॅम हवीत. एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम बांगड्याच्या मांसात २० च्या आसपास. बांगडा, तारली यांतलं ओमेगा-३ तेल तर या दुखण्यात मुद्दाम देतात. बांगडा उकडून काटे काढा, कुस्करून पातळ भातात कालवा, वर नारळाचा रस. कुळथाची पिठी पातळ करून तूप सोडा. नाचणीची आंबील दुधात करा. पूर्ण शिजलेलं अंडं पेजेत कुस्करा. दर दोन तासांनी अर्धी वाटी, ताट समोर आणूच नका. आमच्याकडे मोठं ताट बघूनच बायकोची भूक मरायची. गिळताना अडकत असेल तर अन्न देण्याच्या नळीबद्दल पुढच्या सायकलच्या आधीच विचारा, अंगात जीव असताना.

भुकेसाठी एक गोष्ट डॉक्टरांपुढे नक्की काढा, ओलान्झापिन नावाची गोळी. पुदुच्चेरीच्या जिपमर रुग्णालयात केमो चालू असलेल्या १२४ रुग्णांवर चाचणी झाली, २०२३ मध्ये छापून आली. जठर, यकृत-स्वादुपिंड आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचे रुग्ण. रोज २.५ मिलिग्रॅम, १२ आठवडे. वजन ५ टक्क्यांहून जास्त वाढलेले गोळी घेणाऱ्यांत ६० टक्के, नकली गोळी घेणाऱ्यांत ९. गुंगी येते, म्हणून डॉक्टरांनीच ठरवायचं.

आचऱ्याची लेक
आज डब्या घेऊन गेले होते. कॅप्सूल, काढा बंद. यकृताची तपासणी सांगितलीय, मग गोळीचं बघू म्हणाले. दुपारी बांगडा कुस्करून दिला. चार घास खाल्ले, आणि "मीठ कमी पडला" म्हणाले. कित्येक दिवसांनी जेवणाला नाव ठेवलं त्यांनी. चालवू का त्यांना?

दापोलीचा औषधवाला
चालवा. पडवीत पाच मिनिटं, दिवसातून तीनदा, हात धरून. खुर्चीतून उठणं-बसणं पाच वेळा. स्नायूला काम मिळालं नाही तर खाल्लेलं तिथे लागत नाही. दर रविवारी सकाळी, एकाच काट्यावर, त्याच लुंगीवर वजन करा आणि वहीत लिहा. मला इथे आकडा कळवत राहा, मी वाट बघतो.