१ नोव्हेंबरच्या रविवारी मध्यस्थीच्या प्रार्थनेत सीमाप्रश्न घ्यावा का?

कॅम्प-बेळगाव

२०२६ मध्ये १ नोव्हेंबर रविवारी येतोय. सर्व संतांचा सण, त्याच दिवशी कर्नाटक राज्योत्सव आणि त्याच दिवशी मराठी भाषकांचा काळा दिन. सकाळी एका बाकावर बसलेली माणसं मिस्सा (कॅथोलिक उपासना) सुटल्यावर दोन वेगळ्या दिशांना जाणार. त्या दिवशीच्या विश्वासू जनांच्या प्रार्थना, म्हणजेच मध्यस्थीच्या प्रार्थना, लिहिणाऱ्यांनी आताच विचार करावा. माझं मत स्पष्ट आहे : सीमाप्रश्नाचं नाव घेऊ नये.

या प्रार्थनांत वाचक एकेक विनंती मोठ्याने वाचून फक्त मांडतो, प्रार्थना लोक करतात. “हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक” एवढं एक वाक्यच खरं तर प्रार्थना असतं. मराठी, कन्नड, कोंकणी बोलणाऱ्या मंडळीत ज्या विनंतीनंतर अर्धे बाक गप्प राहतील ती विनंती तिथेच फसली. मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांत (क्र. ७०) क्रम दिलेला आहे : आधी ख्रिस्तसभा, मग राज्यकर्ते आणि जगाचं तारण, मग संकटात असलेले, शेवटी स्थानिक मंडळी. पुढच्याच सूचनेत विनंत्या थोडक्या शब्दांत असाव्यात असंही आहे. राज्यकर्त्यांची विनंती त्या क्रमात येतेच, तेवढी पुरे.

खानापूरकर

साफ नामंजूर. असं करत करतच “सर्वत्र शांती नांदो” छापाच्या प्रार्थना तयार होतात. त्या कुठल्याही गावात, कुठल्याही वर्षी वाचता येतात आणि म्हणून कुणाच्याच नसतात. १९५६ मध्ये हा सीमाभाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला, त्याला यंदा सत्तर वर्षं होतील. या भागावरचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. कानडीतली नोटीस वाचता येत नाही म्हणून शेजारच्या पोराला हाक मारणारी म्हातारी त्याच बाकावर बसलेली असते. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावी असं घटनेच्या ३५०-अ कलमात आहे, हे मागणं काही बंडखोरीचं नव्हे. “संकटात असलेले” या विनंतीत ही माणसं बसत नाहीत का?

आणि राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करायला १ तीमथ्य २:१-२ मध्ये सांगितलं, तेव्हा राज्य रोमी बादशहाचं होतं. राजकारण तापलेलं असताना प्रार्थना करायची नाही, असा नियम तिथे दिसत नाही.

निपाणी-मंडळी

आमच्या उपासनेत पाळक उत्स्फूर्त प्रार्थना करतात, कागद नसतो. त्यामुळे हा धोका आमच्याकडे जास्त. माणूस बोलता बोलता देवाला बातम्या सांगायला लागतो, मग मंडळीला उपदेश करायला लागतो. डोळे मिटलेल्या लोकांना उत्तर देता येत नाही, तिथे आपलं मत घुसवणं बरं नव्हे. अशा दिवशी तरी लिहूनच काढावी. खानापूरकरांना म्हणायचंय ते त्यांनी प्रत्यक्ष लिहून दाखवावं, मग बोलू.

खानापूरकर

हे घ्या :

“गेली सत्तर वर्षे अन्याय सोसणाऱ्या, मायबोलीसाठी झगडणाऱ्या सीमाभागातील आपल्या बांधवांना लवकर न्याय मिळून ते महाराष्ट्रात सामील व्हावेत यासाठी प्रार्थना करू या.”

कॅम्प-बेळगाव

तळमळ पोचते, पण हे मोठ्याने वाचून बघा. मराठीत क्रियापद शेवटी येतं. वीसेक शब्द उलटून “करू या” येईपर्यंत ऐकणाऱ्याचा श्वास संपतो, आणि प्रतिसाद कधी द्यायचा ते कळत नसल्यामुळे पुढचे दोन बाक आधी बोलतात, मागचे नंतर. शिवाय निकालही तुम्हीच लिहून टाकलात. “महाराष्ट्रात सामील व्हावेत” याला कन्नड घरातल्या बाईने काय म्हणायचं? गुड फ्रायडेच्या दहा गंभीर प्रार्थनांत राज्यकर्त्यांसाठीही एक आहे. तिथे मागणं असतं ते शांतीचं, स्वातंत्र्याचं. कुणाच्या बाजूने काय ठरावं ते नसतं.

माझा सरळ हिशेब : “कुणासाठी” हे पहिल्या पाच-सहा शब्दांत, मग एकच मागणं, आणि शेवट प्रत्येक वेळी तोच. एकूण पंचवीस शब्दांच्या आत. विनंत्या पाच. प्रत्येकीनंतर आठ-दहा सेकंद मौन, मग प्रतिसादाची खूण. चार मिनिटांत सगळं होतं. मौन कापून वेळ वाचवू नये, लोक खरी प्रार्थना तेव्हाच करतात.

“राज्य चालवणाऱ्यांसाठी आणि न्याय देणाऱ्यांसाठी : सीमेवरच्या माणसाचं म्हणणं त्यांना त्याच्या भाषेत कळावं, म्हणून आपण प्रार्थना करू या.”

मलप्रभाकाठ

दोघांच्याही नमुन्याला धरून एक भाषेची गोष्ट, कारण दोन भाषांत मिस्सा असते तिथे ही चूक हमखास होते. कन्नडमधल्या “नम्म” या एका शब्दाला मराठीत दोन शब्द आहेत, “आमचा” आणि “आपला”. कन्नड कागदावरून मराठी करताना “हे प्रभो, आपली प्रार्थना ऐक” असं लिहिलं जातं. म्हणजे देवाने स्वतःचीच प्रार्थना ऐकायची! मंडळीशी बोलताना “आपण प्रार्थना करू या”, देवाशी बोलताना “आमची प्रार्थना ऐक”. खानापूरकरांच्या “आपल्या बांधवांना” मध्ये तर वेगळाच घोळ आहे. मंडळीतला कन्नड माणूस त्या “आपल्या”त येतो की नाही? येत नसेल तर ती मंडळीची प्रार्थना राहिली नाही.

एकाच विनंतीत मंडळीला “करू या” आणि देवाला “कृपा कर” असं दोन्हीकडे तोंड करू नये. वाचकाने मंडळीशी बोलावं, देवाला उद्देशून शेवटची प्रार्थना फादर करतात. प्रतिसाद दोन्ही भाषांत ठेवायचा तर आलटून पालटून नको, लोक गोंधळतात. पहिल्या तीन विनंत्यांना मराठी, पुढच्या दोनांना “कर्तने, नम्म प्रार्थनेयन्नु केळु”, आणि आधी एकदा म्हणून घ्यायचं.

निपाणी-मंडळी

स्थानिक विनंतीत आजाऱ्यांची नावं घ्यायची असतील तर घरच्यांना विचारून, आणि आजाराचं नाव न घेता. मृतांची लांब यादी २ नोव्हेंबरला ठेवा, सर्व मृत विश्वासूंच्या दिवशी. आणि तेव्हा खानापूरकडे भाताची सुगी असते, चिकोडी-अथणीकडे ऊसतोडीच्या टोळ्या उतरू लागतात. “कष्टकरी” म्हणण्यापेक्षा “कोयता घेऊन घरापासून लांब आलेल्यांसाठी” म्हणा, लोकांच्या डोळ्यांपुढे माणूस येतो.

खानापूरकर

“सामील व्हावेत” काढतो. “आपल्या बांधवांना” पण काढतो, ते मलप्रभाकाठ यांचं बरोबर आहे. पण कॅम्पवाल्यांनी एक लक्षात घ्यावं. नाव घेऊ नये म्हणून तुम्ही सुरुवात केलीत, आणि तुमच्याच नमुन्यात “सीमेवरच्या माणसाचं” आलंय. तो शब्द छापताना गाळू नका एवढंच मागणं.

कॅम्प-बेळगाव

गाळणार नाही. पण “अन्याय” हा शब्द घालायला माझा विरोध कायम आहे. कागद शुक्रवारीच वाचकाकडे द्या, मोठ्या अक्षरात, विनंतीनंतर “थांबा” लिहून.

खानापूरकर

“अन्याय” वर मी अजून अडलेलोच आहे. शुक्रवारच्या आत पुन्हा लिहून टाकतो.