विषय: डिसेंबरचा नागपूर आठवडा, मंगळवारचं ताडोबा अडलंय

प्रेषक: धरमपेठवाली

मंडळी, घाईत लिहितेय. आम्ही परदेशातून शनिवारी रात्री नागपूरला पोचतोय, पुढच्या शनिवारी परत, मधे गुरुवारी आईचा ८० वा वाढदिवस, तो हलणार नाही, हॉलचा ॲडव्हान्स गेलाय. पुण्याहून दादा-वहिनी पोरांना घेऊन येतायत, म्हणजे आई धरून नऊ जण. मंगळवारी ताडोबा धरलं होतं आणि मंगळवारी कोअर, म्हणजे जंगलाचा मुख्य भाग, बंद! बुधवारी गेलो तर गुरुवारची तयारी कोण करणार, रविवारी गेलो तर पोरांची झोप अजून इकडच्याच वेळेची. आठवडाभर एकच मोठी गाडी ठेवायची की रोज वेगळी? काकांनी मागच्या वर्षी बघायच्या ठिकाणांची यादी पाठवली होती, ती कोणी परत टाकेल का?

प्रेषक: महालवाले काका

यादी माझ्याकडे आहे, संध्याकाळी टाकतो, ती मीच दर वर्षी नीट करतो, तेव्हा व्हॉट्सॲपवर जुनी फिरतेय ती घेऊ नका. आता ताडोब्याचं. मुक्काम कशाला? बुधवारी दुपारची सफारी घ्या, कोलारा गेट. सकाळी पोटभर तर्री पोहे खाऊन उमरेड, भिसी, चिमूर असं निघा, रात्री जेवायला घरी. एका जिप्सीत सहाच जण बसतात म्हणजे तुम्हाला दोन लागतील. बुकिंगला ज्या ओळखपत्राचा नंबर टाकाल तेच गेटवर ओरिजिनल दाखवायचं, इकडच्या पोरांचे पासपोर्ट घरी कपाटात ठेवून जाऊ नका. मोबाईल आत नेऊ देत नाहीत, तेव्हा फोटो काढायचे असतील तर कॅमेरा वेगळा घ्या. अंधार पडता पडता उघड्या जिप्सीत थंडी हाडात शिरते, कानटोप्या आणि शाली हव्याच.

प्रेषक: सदरवाली ताई

काका, रात्रीचं त्या रस्त्यानं पोरं घेऊन परतणं मला पटत नाही, तुम्ही एकटे जाता तेव्हा ठीक आहे. आणि सगळे वाघामागे धावले की आईंच्या वाट्याला काय? आम्ही गेल्या खेपेला सासूबाईंना घेऊन सेवाग्रामला गेलो, साधारण ७५ किलोमीटर. बापू कुटीत चपला काढून शेणानं सारवलेल्या जमिनीवर त्या बसल्या ते उठेचनात. भिंतीवर गांधीजींच्या शिष्या मीराबेननी मातीतून उठवलेली ताडाची झाडं आहेत, त्यांच्याकडे नुसत्या बघत बसल्या. नंतर पवनारला धाम नदीवर पोरं मनसोक्त खेळली, येताना वर्ध्याचा गोरसपाक (बिस्किटं) घेतला. हे सोमवारी करा, कारण सोमवारी अजब बंगला, म्हणजे नागपूरचं संग्रहालय, बंद असतो, शहरात थांबून पोरांची निराशाच होईल.

प्रेषक: मानेवाड्याचा

ताई, गोरसपाक आणला तेव्हा आमच्या वाट्याला काऊन नाही आला जी! सेवाग्राम मस्तच पण रामटेक सोडून कसं चालंन? गाडी गडावर बरीच वर जाते, आईंना खालून पायऱ्या चढाव्या नाही लागत. फक्त हातात पिशवी धरू नका, माकडं पार अंगावर येतात, माझ्या भाचीच्या हातातलं केळ्याचं पाकीट घेऊन एक मंदिराच्या भिंतीवर जाऊन बसलं आणि सालं खाली फेकून राहिलं होतं. पोरगी रडण्याऐवजी टाळ्या वाजवत होती.

प्रेषक: महालवाले काका

रामटेक यादीत आहेच. ताई, मी एकटा जात नाही, आमची सूनबाई आणि नातवंडं असतात, आणि उमरेडच्या पुढे चहाला थांबतो. सोमवारचं मात्र बरोबर आहे.

प्रेषक: सदरवाली ताई

ठीक, पण ड्रायव्हर ओळखीचा घ्या, आणि सकाळपासून गाडी चालवलेला नको. धरमपेठवाली, मंगळवारी गाडीच नको. एलएडी चौकात मेट्रोत बसा, सीताबर्डीला बदला, लिफ्ट आहेत, आईंना जिना नाही. कस्तुरचंद पार्कच्या पुढे गड्डीगोदामला पोरांना खिडकीशी उभं करा, खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यांच्या वर आपण! कडबी चौकात उतरून मोतीबागचं नॅरोगेज रेल्वे म्युझियम दाखवा. नागभीडची छोटी गाडी २०१९ मध्ये बंद झाली, आईंनी त्या गाडीतनं प्रवास केला असेल तर तिथे पोरांना सांगतील, ते कुठल्या गाईडला जमणार नाही.

प्रेषक: धरमपेठवाली

ताई, आई लग्नानंतर पहिल्यांदा नागभीडला त्याच गाडीनं गेली होती! आत्ता फोनवर सांगितलं तर म्हणाली मंगळवारी मी नऊवारी नेसून येते. तर मंगळवार मेट्रो, ठरलं. सोमवारी सेवाग्राम-पवनार, एक मोठी गाडी तेवढ्यापुरती. रामटेक शुक्रवारी, वाढदिवसाला आलेल्या मावश्याही येतील. बुधवारी दुपारचं ताडोबा, काका म्हणतात तसं, दादा आईजवळ थांबतो आणि हॉलचं बघतो म्हणालाय. म्हणजे जाणारे सात, जिप्सी दोन, पाच सीटा रिकाम्या. त्या आठवड्यात इथलं कोणी नागपुरात असेल तर या, पैशांचं नंतर बघू, फक्त नाव आणि ओळखपत्राचा नंबर आज रात्रीपर्यंत मला वेगळ्या मेलवर पाठवा, या मेलिंग लिस्टवर नको, उद्या सकाळी मी बुकिंग करतेय.