दोष सिनेमाचा की थिएटरचा? ठाणे-नवी मुंबईत पाहिलेले तीन सिनेमे

घोडबंदर_रिटर्न

गेल्या काही महिन्यांत पाहिलेल्या तीन सिनेमांबद्दल मत वाईट झालंय. पण ते सिनेमाबद्दल वाईट झालंय की दाखवण्याबद्दल, हेच ठरत नाही. लक्षणं लिहितो, जाणकारांनी निदान करावं.

पहिला ‘दशावतार’. ठाण्यातलं मल्टिप्लेक्स, तिसरा आठवडा, छोटी ऑडी (म्हणजे सिनेमाचा हॉल), शेवटून दुसरी रांग, कडेची सीट. प्रभावळकरांचं काम अफाट, त्यात वाद नाही. पण जंगलातले रात्रीचे प्रसंग इतके काळेकुट्ट की कोण कुठे उभं आहे तेच कळेना. संवाद पुटपुटल्यासारखे, गाणी मात्र खणखणीत.

दुसरा ‘अवतार : फायर अँड ॲश’, वाशीच्या बाजूला, थ्रीडी. चित्र मळकट. मध्येच काही प्रसंग क्रिकेटच्या लाइव्ह मॅचसारखे गुळगुळीत व्हायचे, मग पुन्हा नेहमीसारखे. बाहेर पडताना डोकं धरलं होतं.

तिसरा घरी, ५५ इंची टीव्हीवर : ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’. २०२४ला कान महोत्सवात ग्राँ प्री पुरस्कार मिळालेला म्हणून लावला. दिसायला दुपारच्या मालिकेसारखा, बोलणं ऐकायला आवाज वाढवावा तर लोकल गाडीचा आवाज अंगावर येतो, आणि पहिल्या तासात काही घडतच नाही.

यातलं सिनेमाच्या नावावर काय टाकायचं आणि थिएटरच्या नावावर काय? पुढच्या वेळी ओळखायचं कसं?

---

केबिनची_काच

‘दशावतार’बद्दलच्या दोन्ही तक्रारी मी थिएटरच्या खात्यात टाकेन.

आधी अंधार. डिजिटल सिनेमाचं मानक पडद्याच्या मध्यावर १४ फूट-लँबर्ट, म्हणजे ४८ निट्स उजेड मागतं (दोन्ही उजेड मोजायची एककं). कलरिस्ट सिनेमाचे रंग पक्के करतो तेही याच उजेडात. प्रत्यक्षात प्रोजेक्टरमधला झेनॉन दिवा जुना होत जातो तसा मंदावतो. बदलायची वेळ उलटून गेली तरी वापरत राहिले, वर प्रोजेक्टरच्या केबिनची काच धुळीने माखलेली असली, की पडद्यावर निम्म्याच्या आसपास उजेड उरतो. दिवसाचे प्रसंग तरीही चालून जातात. बळी जातो तो सावल्यांमधल्या तपशिलाचा. काळा आणि त्याहून जरासा कमी काळा यातला फरक पुसला गेला की जंगल म्हणजे नुसता डांबराचा डाग. त्यात पायऱ्यांचे दिवे किंवा एक्झिटची पाटी पडद्यावर परावर्तित होत असेल तर काळं करडं होतं ते वेगळंच.

दुसरी शक्यता, तो पडदा थ्रीडीसाठीचा चंदेरी पडदा असेल. तो उजेड सगळीकडे सारखा पसरवत नाही, समोरच्या दिशेला जास्त फेकतो. मधल्या सीटवरून झकास दिसतं, कडेच्या सीटवरून पलीकडची बाजू अंधारते. तुम्ही कडेला होतात, म्हणून विचारतो : अंधार सगळ्या पडद्यावर सारखा होता की एका बाजूला जास्त?

तपासायची सोपी युक्ती म्हणजे सेन्सॉरचं प्रमाणपत्र. सिनेमाआधी काही सेकंद दिसणारं ते फिकट पान फुकटातला टेस्ट चार्ट आहे. चारही कोपरे मध्याइतके उजळ आहेत का, पांढरं पिवळट किंवा गुलाबी दिसतंय का, बारीक अक्षरं कडेलाही धारदार आहेत का, पानाची चौकट कुठे कापली जातेय का, एवढं पाहून घ्या. त्याच पानावर सिनेमाची लांबी मिनिटांत छापलेली असते, म्हणजे बाहेर कधी पडणार हेही कळतं.

आता आवाज. संवाद जवळजवळ पूर्णपणे पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात. संगीत डाव्या-उजव्या आणि भिंतींवरच्या स्पीकरांत पसरलेलं असतं. गाणी खणखणीत आणि संवाद घशात अडकल्यासारखे, तर मधल्या स्पीकरचा उंच स्वर देणारा भाग, म्हणजे हॉर्नमागचा ड्रायव्हर, उडालेला किंवा थकलेला असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. स, श, च, त ही व्यंजनं तिथूनच येतात. ती गेली की शब्द ओळखू येत नाही, नुसते स्वर ऐकू येतात.

दुसरं कारण जास्त सर्रास आढळतं. साउंड प्रोसेसरवर फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची कळ, असतो आणि सिनेमाचा मिक्स (संवाद-संगीताची जुळणी) ७ या आकड्यावर ऐकला जाईल असं गृहीत धरून केलेला असतो. जाहिराती आणि ट्रेलर कर्कश असतात, प्रेक्षक ओरडतात, ऑपरेटर फेडर ५ वर आणतो आणि सिनेमा सुरू झाल्यावर तो तिथेच राहतो. ४ ते १० या पट्ट्यात एका आकड्याला साधारण ३.३ डेसिबल, म्हणजे ७ वरून ५ वर आलं की जवळपास पावणेसात डेसिबल गेले. धडामधुडूम तरीही ऐकू येतं, कुजबुज एसीच्या घरघरीत बुडते. छोट्या ऑडीत ७ खरोखर जास्त वाटतो, तिथे ६ च्या आसपास ठेवणं मी चुकीचं म्हणणार नाही. ४.५ म्हणजे मात्र सिनेमाचा गळा दाबणं.

---

घोडबंदर_रिटर्न

एका बाजूला जास्त होता! डावीकडे बसलो होतो, उजवा भाग जास्त काळा. हे आधी लक्षातच आलं नव्हतं. मग मधला स्पीकर बिघडलाय की फेडर खाली आहे, हे सीटवरून कसं ओळखायचं?

---

केबिनची_काच

मग पडदा चंदेरीच. दिव्याला अर्धी माफी.

स्पीकरसाठी जाहिराती ऐका. त्या बऱ्याचदा फक्त डाव्या-उजव्या स्पीकरवर मिसळलेल्या असतात. जाहिरातीतलं बोलणं स्वच्छ आणि सिनेमातला पहिलाच संवाद मिटमिटीत, तर संशय मधल्या स्पीकरवर. संवाद स्वच्छ आहेत पण लांबून आल्यासारखे आणि संगीतही त्याच मानाने दबलेलं, तर फेडर. म्हणूनच बाहेर जाऊन नुसतं ‘आवाज वाढवा’ म्हणू नका. स्पीकर गेलेला असेल तर वाढवल्याने गाणी कान फोडतील आणि संवाद तसेच राहतील.

---

सानपाडा_स्लो

‘अवतार’बद्दल लिहितो, कारण तिथे निम्मा दोष दिग्दर्शकाच्या निवडीचा आहे.

मध्येच गुळगुळीत होणं हा बिघाड नाही. नेहमीचा सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने चालतो. या मालिकेत काही प्रसंग ४८ फ्रेमने दाखवलेत, मुख्यतः पाण्यातले आणि वेगवान. कारण थ्रीडीत २४ फ्रेमवर कॅमेरा आडवा फिरला की वस्तू ठेचकाळत गेल्यासारख्या दिसतात आणि डोळे शिणतात. ४८ ने ते थांबतं. पण मॅच आणि बातम्या आपण जास्त फ्रेमवर पाहत आलोय, त्यामुळे मेंदू त्याला ‘टीव्ही’ म्हणतो. प्रसंगागणिक अदलाबदल होते तेव्हा तर जास्तच खटकतं. तुम्हाला नाही आवडलं तर ते सिनेमाबद्दलचंच मत, बेधडक मांडा. मला स्वतःला पाण्याखाली ते शोभतं, माणसं समोरासमोर बोलत असताना नाही.

मळकटपणा मात्र थ्रीडीचा जन्मजात रोग. प्रत्येक डोळ्याला वेगळं चित्र द्यायचं म्हणजे निम्म्याहून जास्त उजेड फिल्टर आणि चष्म्यात जातो. चांगल्या थिएटरातही थ्रीडीला ४ ते ५ फूट-लँबर्ट मिळाले तरी नशीब, २डीच्या तिसऱ्या हिश्शाएवढे. लेझर प्रोजेक्टर असलेल्या ऑडीत परिस्थिती बरी असते.

उलटही होतं, आणि ते खरं चीड आणणारं. थ्रीडीचा शो संपल्यावर लेन्ससमोरचा फिल्टर न हटवता पुढचा २डी सिनेमा तसाच लावायचा. केबिनच्या काचेकडे वळून पाहा. काही मशिनांत एकावर एक दोन झोत दिसतात, सिनेमा २डी असताना तसे दिसले तर खुशाल उठून सांगा.

डोकेदुखीवर : चष्मा हातात आला की मऊ कापडाने पुसा, बोटांच्या ठशांमुळे दोन्ही डोळ्यांची चित्रं वेगळी धूसर होतात. नंबरचा चष्मा असेल तर थ्रीडीचा त्यावर सरळ बसायला हवा, तिरका नको. मधल्या सीट नसतील तर थ्रीडी घेऊच नका, त्याच पैशात २डी मधली सीट घ्या. आणि १९७ मिनिटांचा सिनेमा रात्री सातला धरलात तर जाहिराती-मध्यंतर मिळून पावणेअकरा होतात. एवढा वेळ कुठलाही चष्मा नाकावर जड होतोच.

---

बेलापूर_बाल्कनी

तिसऱ्याबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून मी बोलते. तिथे टीव्हीची शिक्षा सिनेमाला नका देऊ.

मालिकेसारखं दिसणं म्हणजे टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः बनवून भरतोय. सोनीवर मोशनफ्लो, एलजीवर ट्रूमोशन, सॅमसंगवर ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी या नावाने मेनूत सापडेल. पूर्ण बंद करा. फिल्ममेकर मोड असेल तर तोच लावा. सानपाडा म्हणतात ते ४८ फ्रेम दिग्दर्शकाने ठरवलेले असतात. हे टीव्ही कंपनीने ठरवलेलं, आगाऊपणा आहे हा.

संवादांचं सांगायचं तर, ५.१ चा (पाच स्पीकर आणि एक बासचा) ट्रॅक टीव्हीच्या दोन बारक्या स्पीकरांत कोंबला की मधला चॅनल दबतो. ऑडिओच्या यादीत स्टिरिओ पर्याय असेल तर तो निवडा. नसेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये नाइट मोड किंवा संवाद स्पष्ट करणारा पर्याय शोधा, तो मोठे आवाज दाबतो आणि बोलणं वर आणतो. साधा साउंडबार घेणार असाल तर ३.१ चा घ्या, त्यात संवादासाठी वेगळा मधला स्पीकर असतो. २.१ मध्ये नसतो.

‘काही घडत नाही’ याच्याशी मात्र मी सहमत नाही. जर्मनीहून न सांगता आलेला तो राइस कुकर आठवा. नवरा तिकडे, वर्षभराहून जास्त फोन नाही, आणि घरात येतं काय, तर कुकर. कनी कुसृतीची प्रभा त्याच्याशी ज्या तऱ्हेने वागते त्यात लग्नाची सगळी हकिकत आहे, फक्त कोणी ती बोलून दाखवत नाही. आणि छाया कदमची पार्वती : नवऱ्यामागे कागद नाहीत म्हणून बिल्डर घराबाहेर काढतोय. आपल्याकडे रीडेव्हलपमेंटच्या मीटिंगांना बसलेल्या माणसाला यात काही घडत नाही असं कसं वाटेल? पहिला भाग रात्र, पाऊस, निळा उजेड, गर्दी. पार्वतीबरोबर रत्नागिरीकडच्या गावी गेल्यावर ऊन येतं, चित्र मोकळं होतं. ही विभागणी टीव्हीच्या भडक ‘व्हिव्हिड’ मोडमध्ये सपाट होऊन जाते, दोन्ही भाग सारखेच चकचकीत दिसतात.

एक तक्रार मात्र रास्त. मल्याळम संवाद सबटायटलवर वाचायचे आणि त्याच वेळी चेहरेही वाचायचे, हे जड जातं. अक्षरांचा आकार लहान करा, पार्श्वभूमीचा काळा पट्टा काढा. मोठ्या अक्षरांत ओळ लांब होते आणि नजर खालीच अडकते.

---

कोपरी_पुलाखाली

मध्यंतराचा मुद्दा राहिला. आपले सिनेमे मध्यंतर धरून लिहितात, त्याआधी एक झटका ठेवतात. परदेशी सिनेमात ती जागाच नसते, थिएटर अंदाजाने मध्ये तोडतं, कधी वाक्याच्या मधोमध. मग लोक म्हणतात, ‘फर्स्ट हाफ स्लो.’ फर्स्ट हाफ असतोच कुठे त्याला?

---

घोडबंदर_रिटर्न

बेलापूरताई, मोशन बंद करून पहिली वीस मिनिटं परत पाहिली. वेगळाच सिनेमा आहे. कुकरपर्यंत पोचलो की लिहितो.

आता शेवटचं : तिकीट काढतानाच चांगली ऑडी कशी ओळखायची, आणि शो चालू असताना तक्रार नेमकी कोणाकडे?

---

केबिनची_काच

बुकिंग ॲपवर सीटचा नकाशा उघडा आणि रांगा मोजा. मोठ्या ऑडीत १२-१५ रांगा, छोटीत ७-८. नवा सिनेमा पहिल्या आठवड्यात मोठ्या ऑडीत असतो, दुसऱ्या-तिसऱ्यात छोटीत ढकलला जातो. मराठी सिनेमांच्या नशिबी हे लवकर येतं, त्यामुळे मराठी पाहायचा तर पहिल्या शनिवार-रविवारीच. एकाच मल्टिप्लेक्समध्ये दोन वेळांना दोन वेगळ्या ऑडी असतात, दोन्ही नकाशे ताडून पाहा. सीट पडद्यापासून दोन तृतीयांश अंतरावर, मधोमध. आवाजाची जुळणी साधारण त्याच जागी माइक ठेवून केलेली असते. शेवटच्या रांगेला मागची भिंत जवळ असते, तिथे बास घोंगावतो. महागड्या रिक्लायनर नेमक्या तिथेच असतात.

पैशांचं : २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के जीएसटी आहे, त्याहून महाग तिकिटावर १८. खिडकीवर काढलंत तर ॲपची कन्व्हिनियन्स फी वाचते.

तक्रार दारावरच्या मुलाकडे नको, त्याच्या हातात काही नसतं. ड्यूटी मॅनेजरला बोलवायला सांगा. ऑडीचा नंबर, सीट आणि लक्षण एका दमात सांगा : ‘ऑडी चार, गाणी ठीक, संवाद दबलेले, मधला स्पीकर तपासा.’ हे पहिल्या दहा मिनिटांत. मध्यंतरात सांगितलंत तर ‘बघतो’ म्हणतील आणि सिनेमा संपेल. फेडर तिथल्या तिथे वर करता येतो, फिल्टर काढायला दोन मिनिटं लागतात. स्पीकर किंवा दिवा मात्र शो चालू असताना बदलत नाहीत. तेव्हा दुसऱ्या शोचं तिकीट मागा, आणि ते वेगळ्या ऑडीतलं आहे ना हे नकाशात बघूनच घ्या.

---

सानपाडा_स्लो

आणि ओठ-आवाज जुळत नसतील तर प, ब, म वर लक्ष ठेवा. मिटलेले ओठ उघडतात त्याच क्षणी आवाज आला पाहिजे. डब केलेल्या सिनेमाला ही परीक्षा लावू नका, तो नापासच होणार.