मदत हवी आहे : शोवे गुहेचा माहितीपट थ्रीडीत दाखवायचाय

वेर्नर हर्झोग यांचा 'केव्ह ऑफ फरगॉटन ड्रीम्स' (२०१०) हा शोवे गुहेतल्या आदिमानवाच्या चित्रांवरचा माहितीपट साधारण ४० जणांना दाखवायचा आहे. टूडी प्रत पाहून लोक हमखास म्हणतात, "चित्रं सुंदर, पण एकाच भिंतीवर कॅमेरा किती वेळ!" त्यात त्यांचा दोष नाही. दक्षिण फ्रान्समधल्या या गुहेतल्या चित्रकारांनी खडकाचे फुगवटे आणि खोलगट भाग चित्रातच वापरले आहेत. सपाट प्रतीत नेमकं तेच हरवतं, म्हणून थ्रीडीचा आग्रह.

लाल-निळे कागदी चष्मे नकोत. गेरूच्या हातठशांचा लाल रंग त्यात पार बिघडतो. पोलराइज्ड चष्म्यांना (दोन डोळ्यांना वेगवेगळ्या ध्रुवीकरणाचा प्रकाश देणाऱ्या) चंदेरी पडदा लागतो, साध्या पांढऱ्या पडद्यावर दुहेरी प्रतिमा दिसते. राहिला डीएलपी-लिंक शटर चष्मा, म्हणजे डीएलपी प्रोजेक्टरच्या प्रकाशातल्या इशाऱ्यावर डावी-उजवी काच आळीपाळीने झाकणारा; तो पांढऱ्या पडद्यावर चालतो. मात्र प्रकाश बराच घटतो, त्यामुळे हॉलमध्ये पूर्ण अंधार आणि पडदा आटोपशीर हवा. फुगवटा खड्ड्यासारखा दिसला तर डावा-उजवा डोळा उलटलाय, प्रोजेक्टरच्या मेनूत थ्रीडी इन्व्हर्ट करायचं.

आता अडचण अशी :

पुण्यात असे ४० चष्मे भाड्याने कुठे मिळतील? वेगवेगळ्या कंपन्यांचे एकत्र वापरले तर कोणाला डोळे उलटे दिसतात का?

मराठी सबटायटल्स दोन्ही डोळ्यांच्या प्रतिमेत थोडी सरकवून बसवावी लागतात, नाहीतर अक्षरं खडकात रुतल्यासारखी वाटतात आणि डोकं दुखतं. शिवाय काही प्लेअर जोडाक्षरं फोडतात. चित्ररूप (अक्षरांऐवजी तयार चित्र म्हणून साठवलेली) सबटायटल्स कोणी केली असतील तर सॉफ्टवेअर आणि सरकवण्याचं माप कृपया सांगा.